सफूराची चिंच, रियाध

स्वीडनहून आलेलं पुस्तक मी पहिल्याच दिवशी दोनदा आपटलं. एकदा टेबलावर, एकदा जमिनीवर. दर्शना, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "पुस्तकाने काय घोडं मारलंय तुमचं?" उत्तर द्यायला बसलो असतो तर भाजी करपली असती.

पुस्तक एका क्रीडामंडळाच्या शतकमहोत्सवाचं आहे. स्वीडनमधल्या एका लहानशा गावात १९१६ साली हे मंडळ निघालं. फुटबॉल, हँडबॉल, टेबल टेनिस, बर्फावरचं घसरणं, सगळे खेळ एकाच मंडळात. त्या गावात टेलिफोनची यंत्रं बनवणारी कंपनी होती. १९७८ साली कंपनीचे इंजिनिअर रियाधला एक्स्चेंज उभारायला आले आणि येताना मंडळही बरोबर घेऊन आले. कंपाउंडात त्यांनी हॉल बांधला, मैदान केलं, आणि हॉलच्या भिंतीवर बर्फावर घसरायच्या लाकडी पट्ट्यांची एक जोडी टांगली. बाहेर ऊन अठ्ठेचाळीस डिग्री! पण हौसेला मोल नाही म्हणतात.

या रियाध शाखेला पुस्तकात चौदा पानं दिली आहेत. गोलकीपर कोण होता, कोणाच्या बायकोने बायकांचा व्यायामवर्ग सुरू केला, १९८४ च्या फुटबॉल सामन्यात कोणाचा कुत्रा मैदानात शिरला, सगळं आहे. कुत्र्याचं नावसुद्धा आहे. लुडविग. यासीन हमदुलेंचं नाव मात्र चौदा पानांत एकदाही नाही. अठरा वर्षं ज्या माणसाने ते मंडळ अक्षरशः पाठीवर वाहिलं, त्याच्यापेक्षा लुडविग मोठा. म्हणून हे लिहितोय.

मी रोशन, मूळचा म्हसळ्याचा. त्या कंपनीत वीस वर्षं क्लार्क होतो. कंपनीच्या कामाबरोबर मंडळाचं टायपिंगही माझ्याच गळ्यात होतं. शुक्रवारी सामने व्हायचे आणि शनिवारी सकाळी मी निकाल टाइप करून फळ्यावर लावायचो. तेव्हा जे काही झालं त्यात माझे हात स्वच्छ आहेत असं कोणी समजू नये.

यासीनभाई दापोलीकडचे, खाडीकाठच्या गावातले. १९९३ साली ते हुफूफला खजुराच्या बागेत मजूर म्हणून आले. बागेचा मालक म्हणजे त्यांचा कफील, ज्याच्या नावावर व्हिसा तो. त्याच्याकडे काम एका हंगामापुरतंच होतं. तो म्हणाला, माझ्या नावावर राहा, कुठेही कमव, वर्षातून एकदा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवा करायला ये. याला आपले लोक आझाद व्हिसा म्हणत. आझाद कसला! कागदावर माणूस हुफूफच्या बागेत आणि अंगाने साडेतीनशे किलोमीटर लांब रियाधला. पोलीस दिसला की रस्ता बदलायचा. पण आमच्या अर्ध्या कोकणाने याच कागदावर घरं बांधली, बहिणींची लग्नं केली, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

१९९५ मध्ये ते मंडळात कामाला लागले. मैदानाला पाणी मारायचं, जाळ्या बांधायच्या, चहा करायचा. आणि शुक्रवारी वाळवंटात निशाणं लावायची.

हा निशाणांचा खेळ स्वीडिश लोकांचा लाडका. प्रत्येकाला एक नकाशा, एक होकायंत्र आणि एक कार्ड द्यायचं. उजाड माळावर पंधरा-वीस ठिकाणी नारिंगी-पांढरी निशाणं टांगलेली असतात. नकाशा वाचत धावत जायचं, निशाण शोधायचं, तिथल्या टोचणीने कार्डाला भोकं पाडायची आणि पुढचं निशाण गाठायचं. प्रत्येक टोचणीची भोकं वेगळी, त्यामुळे लबाडीला वाव नाही. ज्याला सगळी निशाणं सगळ्यांत आधी सापडतात तो जिंकला.

रियाधबाहेर थुमामाच्या रस्त्याने पुढे गेलं की जो खडकाळ माळ लागतो त्याचा नकाशा ओल्सन नावाच्या म्हाताऱ्या इंजिनिअरने १९९६ साली बनवला. बनवला म्हणजे तो छत्रीखाली बसून रेघा मारायचा आणि यासीनभाई दोरी घेऊन माळ तुडवायचे. जागांना नावं हवीत म्हणून ओल्सनने त्यांना विचारलं, या टेकडीला काय म्हणतात? आता यासीनभाईंना काय माहीत! पण साहेबाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी आपल्या गावची नावं सांगितली. पांढऱ्या मिठाच्या सपाटीला खाजण. दोन खडकांमधल्या चढाला मशिदीची घाटी. लांबट सपाट खडकाला धक्का. नाल्याकाठी एकटंच काटेरी झाड होतं, त्याला सफूराची चिंच. सफूरा त्यांची आई. गावातल्या त्यांच्या दारात चिंच होती आणि आई तिच्याखाली बसून मासळी निवडायची. ओल्सनने सगळी नावं रोमन अक्षरांत लिहून घेतली, मी ती टाइप केली, नकाशा छापला गेला. पुढची सगळी वर्षं स्वीडनचे उंच गोरे इंजिनिअर एकमेकांना "सफुराची चिंचपासून डावीकडे वळ" असं सांगत राहिले. आम्ही दोघं चहाच्या टेबलामागे हसून बेजार व्हायचो.

दर फेब्रुवारीत रियाधमधल्या डेन्मार्कवाल्या मंडळाबरोबर या खेळाच्या कपासाठी शर्यत असे. तिघांचा संघ, प्रत्येकाने एकेक टप्पा पळायचा. कपाच्या वेळी निशाणं डेन्मार्कवाले लावत. १९९९ साली आमच्या संघातल्या एकलुंडचा गुडघा आदल्या दिवशी सुजला. दुसरा माणूस नाही. तेव्हाचे अध्यक्ष इकडेतिकडे बघू लागले आणि त्यांची नजर किटलीजवळ उभ्या असलेल्या यासीनभाईंवर गेली. सभासदांशिवाय कोणी पळायचं नाही असा नियम होता. अध्यक्ष म्हणाले, "मग एकलुंडच पळेल." एकलुंडच्या नावाचं कार्ड त्यांनी यासीनभाईंच्या हातात ठेवलं.

यासीनभाईंना इंग्रजी नकाशा भरभर वाचता येत नसे. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी कार्ड उलटं केलं आणि मागे पेन्सिलीने निशाणांचा क्रम मराठीत लिहिला: खाजण, घाटी, चिंच, धक्का. चपला काढून माझ्याजवळ दिल्या, कोणाचे तरी बूट घातले आणि सुटले. डेन्मार्कच्या माणसाच्या अकरा मिनिटं आधी परत आले. छत्तीस वर्षांचा माणूस, पहाटे उठून सगळ्यांचा चहा-नाश्ता केलेला!

तेव्हापासून अकरा वर्षं एकलुंडचा गुडघा बरा झाला नाही. बरा होऊ दिला नाही म्हणा. खरा एकलुंड तंबूत खुर्ची टाकून सरबत पीत बसे आणि यासीनभाई त्याच्या नावाने माळावर पळत. कप अकरापैकी नऊ वेळा आमच्याकडे आला. पदक एकलुंडच्या गळ्यात, टाळ्या एकलुंडला, आणि शनिवारी फळ्यावर मी टाइप करायचो: एकलुंड, पहिला.

मला कधी लाज वाटली नाही का? खरं सांगतो, नाही वाटली. उलट मी स्वतःला शहाणा समजत होतो. हुफूफच्या इकाम्यावरचा माणूस रियाधच्या मंडळात दिसला असता तर पासपोर्ट खात्याने, म्हणजे जवाजातने, त्यांना उचलून घरी पाठवलं असतं. म्हणून मीच प्रत्येक कागदावरून त्यांचं नाव गाळत होतो. कामगारांच्या यादीत नाही, ईदच्या जेवणाच्या यादीत नाही, पगाराच्या पावतीवर नाही. फोटो काढताना मीच म्हणायचो, "यासीनभाई, जरा बाजूला व्हा." ते हसून बाजूला व्हायचे. वर म्हणायचे, "रोशन आहे म्हणून मी इथे आहे." हे वाक्य आठवलं की अजून माझं डोकं भणभणतं.

मग २०१३ साल आलं. सौदी सरकारने ठरवलं, नोकऱ्या आधी सौदी माणसाला, आणि परदेशी कामगाराने ज्याच्या नावावर इकामा त्याच्याकडेच काम करायचं. त्यांच्या देशात त्यांनी काय ठरवावं हा त्यांचा प्रश्न, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शिवाय त्यांनी मुदतही दिली होती. तेवढ्यात चांगल्या कंपनीने तुमचा इकामा आपल्या नावावर करून घेतला तर दंड नाही, शिक्षा नाही, कागद सरळ. नाहीतर घरी जा. मुदत नोव्हेंबरच्या तीन तारखेला संपत होती. आमच्या कंपनीला तशी माणसं घेता येत होती. मैदान सांभाळणाऱ्याची एक जागा रिकामीही होती.

यासीनभाईंना अजून दोन वर्षं हवी होती, जास्त नाही. त्यांची मुलगी अफशाँ रत्नागिरीला फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होती. घरात कॉलेजचं तोंड बघणारी पहिली. "पोरीचा कोर्स झाला की खलास," ते म्हणायचे, "मग माझा गाव नि माझी खाडी."

तेव्हा मंडळाचे अध्यक्ष होते नीलसन. कंपनीचे रियाधचे मॅनेजरही तेच. नीट लक्षात ठेवा, हे नीलसन २००६ पासून चार वर्षं त्याच कपाच्या संघात दुसरा टप्पा पळत होते. पहिल्या टप्प्याचे यासीनभाई धापा टाकत यायचे आणि नीलसनच्या हातावर हात मारायचे. नंतर नीलसन कप डोक्यावर घेऊन नाचायचे. त्यांच्याकडे मी यासीनभाईंना घेऊन गेलो. नीलसन खुर्चीतून उठले, हात मिळवला, म्हणाले, "नक्की करू. फक्त स्टॉकहोमच्या ऑफिसला हा माणूस आपल्याकडे काम करत होता याचा कागद लागेल. काहीही चालेल. एखादी यादी, एखादी पावती, एखादं पत्र."

मी सगळी कपाटं उपसली. अठरा वर्षांत एक कागद नाही. सापडणार कसा? तो मीच होऊ दिला नव्हता ना!

एकलुंड तेव्हा स्वीडनला परतला होता. त्याला मी ईमेल लिहिली: यासीन तुमच्या नावाने पळत होता, एवढं दोन ओळीत लिहून द्या. चार दिवसांनी उत्तर आलं. यासीनची त्याला फार प्रेमाने आठवण येते, त्याचा चहा अप्रतिम असे, सगळ्यांना नमस्कार. गरज सरो, वैद्य मरो.

मग मला कार्डं आठवली. स्वीडिश माणूस कागद फेकत नाही. मंडळाची जुनी कार्डं खोक्यांत भरून अल सुलैच्या गोदामात ठेवलेली होती. ऑगस्टच्या दुपारी आम्ही दोघं तिथे गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये घामाच्या धारा लागल्या होत्या. तिसऱ्या खोक्यात सापडली. एकलुंडच्या नावाची अकरा वर्षांची अकरा कार्डं, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने मराठी अक्षरं. खाजण, घाटी, चिंच. एकलुंडच्या बापाला तरी मराठी येत होतं का? मी नाचायचाच बाकी होतो.

यासीनभाई मात्र खोक्यावर बसून होते. म्हणाले, "रोशन, हे नको दाखवू. ही कार्डं एकलुंडची हाएत."

"पळलात तुम्ही, कार्डं एकलुंडची कशी?"

"तेव्हा तसं ठरलं होतं. आता आपण उलटं बोलायचं म्हणजे अध्यक्षसाहेबांना खाली बघायला लावायचं."

"लावू या की! बघू दे त्यांना खाली."

"नाय रे. चुलीतला निखारा पदरात घेऊ नकोस."

मी ऐकलं नाही. अफशाँचं नाव काढलं, तेव्हा ते खोक्यावरून उठले. दुसऱ्या दिवशी मी कार्डं नीलसनच्या टेबलावर मांडली, शेजारी यासीनभाईंकडून लिहून घेतलेला एक कागद ठेवला. अक्षर तेच, कोणीही सांगेल. नीलसननी एकेक कार्ड उलटसुलट करून पाहिलं. डोळे ओले झाल्यासारखे वाटले. म्हणाले, "विलक्षण आहे हे. थँक यू, रोशन." मी बाहेर येऊन यासीनभाईंच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हटलं, झालं काम.

तीन दिवसांनी ईमेल आली. मंडळाच्या समितीची बैठक झाली होती. प्रामाणिकपणा हा मंडळाचा जवळजवळ शंभर वर्षांचा पाया आहे, असं पहिलं वाक्य. सभासद नसलेल्या व्यक्तीने दुसऱ्याच्या नावाने भाग घेतल्याचं सिद्ध झाल्यामुळे १९९९ ते २००९ चे निकाल रद्द करण्यात येत आहेत. शेवटी दोन ओळी इकाम्याबद्दल. दुसऱ्याच्या नावावरचा माणूस आपण इतकी वर्षं कामाला ठेवला हे लिहून देणं कंपनीला अडचणीचं ठरेल असा वकिलांचा सल्ला आहे, सबब पत्र देता येत नाही. यासीनला शुभेच्छा.

मी नीलसनच्या खोलीत दार न वाजवता शिरलो. आयुष्यात पहिल्यांदा साहेबापुढे आवाज चढवला. "हा नियम अकरा वर्षं कुठे झोपला होता? कप घेताना तुम्हाला माहीत नव्हतं कोण पळालं ते? तुमच्या हातावर हात कोणी मारला होता?"

ते म्हणाले, "रोशन, माझंही नाव रद्द झालंय त्यात."

त्यांचं एक नाव गेलं, यासीनभाईंचं अख्खं घर हललं, आणि हिशेब बरोबरीचा झाला म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार मी पुस्तकात वाचला होता. इथे फाशी देणारा संन्याशाबद्दल हळहळतही होता. त्याचाच मला जास्त संताप आला. सरळ शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

यासीनभाईंना सांगायला मी गेलो तेव्हा ते मैदानावर पाइप धरून उभे होते. ऐकून घेतलं. पाइप बंद केला. "निकाल रद्द म्हणजे कपाच्या फळ्यावर आता काय असणार?" एवढंच विचारलं.

"काही नाही. रिकामी जागा."

"मग बघ, एकलुंडचंपण गेलं," ते म्हणाले. मला वाटलं रागावतील माझ्यावर. रागवायला हवं होतं. त्यांनी नको म्हटलेलं मी केलं होतं, आणि अठरा वर्षं त्यांचं नाव पुसणाराही मीच. ते रागावले नाहीत हे मी अजून त्यांना माफ केलेलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ते निघाले. जाण्याआधी सगळी निशाणं धुतली, घड्या घातल्या, मोजली. एक कमी भरलं. सफूराच्या चिंचेजवळचं राहून गेलं होतं. मी म्हटलं, "कुजू दे तिथे." विमानाच्या आदल्या दिवशी कोणाची तरी गाडी मागून ते तेवढ्यासाठी थुमामाला गेले आणि निशाण आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

अफशाँचं कॉलेज दुसऱ्या वर्षात सुटलं. आता ती दापोलीत एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. सगळी औषधं तिला पाठ आहेत. भिंतीवर लावलेलं सर्टिफिकेट दुसऱ्याच कोणाचं आहे. मी एकदा गेलो होतो तिथे. ते सर्टिफिकेट वाचलं आणि खोकल्याचं औषध न घेताच बाहेर पडलो.

आणि आता हे पुस्तक. माझं नाव कुठल्यातरी जुन्या यादीत राहिलं असणार म्हणून पोस्टाने आलं. स्वीडिश भाषा मला येत नाही, पण त्यांनी मागे इंग्रजी भाषांतरही जोडलंय. कपाच्या निकालांचा तक्ता आहे. १९९९ ते २००९ समोर आडव्या रेघा. पान उलटलं तर दोन पानं भरून नकाशा. आमचा माळ, नव्याने रंगवून काढलेला, सुरेख. खाजण. मशिदीची घाटी. सफुराची चिंच. सगळं रोमन अक्षरांत जसंच्या तसं. खाली टीप: 'या परिसरातली पारंपरिक अरबी स्थलनामं ओल्सन यांनी स्थानिक बदू भटक्यांकडून गोळा केली. मंडळाने जपलेला हा एक मोलाचा ठेवा.'

पुस्तक दुसऱ्यांदा आपटलं ते इथे.

मी तडक यासीनभाईंना फोन लावला. ते आता गावच्या तरीवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीवर, तिकिटं फाडतात. इंजिनाच्या आवाजात मी ओरडून सगळं वाचून दाखवलं. रेघा, नकाशा, टीप. म्हटलं, "तुमच्या आईला अरबी करून टाकलं हो त्यांनी!"

पलीकडून ते म्हणाले, "आईचं नाव छापलंय?"

"छापलंय. तुमचं नाही."

"चिंच कुठं दाखवलीय? नाल्याच्या कुठल्या अंगाला?"

मी चष्मा पुसून पाहिलं. "डाव्या."

"डाव्या? चुकलंय रे. चिंच उजव्या अंगाला हाय. मी स्वतः दोरी धरली होती."

"यासीनभाई, कंपाउंड विकलं गेलं, शाखा बंद झाली. कोण पळणार आहे आता तिथे?"

"कोण पळो न पळो. तिथून पुढची सगळी दिशा चुकते. कुणी गेलाच तर उन्हात वाट हुकून मरायचा. तू त्यांना कळव. तुला इंग्रजी लिहायला येतं."

फोन ठेवला आणि मी बराच वेळ नुसता धुसफुसत बसलो. या माणसाला राग येतच नाही की काय! मग कॉम्प्युटर उघडला. मनात शिव्या होत्या, लिहिलं मात्र त्यांनी सांगितलं ते, आणि वर माझ्या पदरच्या दोन ओळी: नकाशात सफूराची चिंच नाल्याच्या डाव्या बाजूला छापली आहे, ती उजव्या बाजूला हवी. ही नावं अरबी नाहीत, दापोली तालुक्यातली मराठी आहेत. सफूरा माझी आई.

खाली सही टाइप करायची होती. बोटं सवयीने थांबली. अठरा वर्षांची सवय, ते नाव आलं की गाळायचं. मग मी एकेक अक्षर दाबत ते पूर्ण लिहिलं: यासीन हसनमियाँ हमदुले, रियाध शाखा, १९९५ ते २०१३.